चाल दुसऱ्याची, वाद्ये आपली

प्रेमाने केलेल्या कामाची परीक्षा करावी की करू नये, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक सज्जन माणसे ‘करू नये’ असेच उत्तर देतील. ज्याने मोबदला घेतला नाही, ज्याला ते काम कोणी सांगितले नव्हते, ज्याने निव्वळ आवडीपोटी रात्री जागवल्या, त्याच्या कामातले उणे काढणारा मनुष्य आपल्याकडे खाष्ट समजला जातो. गेल्या दिवाळीपर्यंत आमचेही मत याहून वेगळे नव्हते. किंबहुना त्या मताला आम्ही सौजन्य असे नाव देऊन ठेवले होते.

दिवाळीत आम्ही मडगावास बहिणीकडे गेलो होतो. फराळ आटोपल्यावर भाच्याने आपला लॅपटॉप बैठकीच्या खोलीत आणून ठेवला आणि स्वतः केलेली एक वाद्यवृंदरचना सर्वांना ऐकवली. भाचा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. मूळ धून एका जपानी व्हिडिओ गेममधली. ती त्याने व्हायोलिन, चेलो, फ्रेंच हॉर्न, ट्रम्पेट अशा साठ-सत्तर वाद्यांच्या मेळासाठी नव्याने मांडली होती. वाद्ये अर्थात प्रत्यक्ष कोणी वाजविलेली नव्हेत; एकेका वाद्याच्या ध्वनिमुद्रित स्वरांचे साठे हल्ली संगणकात मिळतात, त्यांतून स्वर वेचून वेचून त्याने सात महिने हे काम केले होते. लहानपणी आम्ही काही वर्षे पेटी शिकलो, एवढ्या भांडवलावर घरात आम्ही संगीतातले जाणते गणले जातो. म्हणून रचना संपताच सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ‘छान! फारच छान!’ असे म्हणालो. खरे सांगावयाचे तर ती साडेचार मिनिटे आम्ही सुटीनंतर उभ्या राहावयाच्या एका दाव्याचा विचार करीत होतो.

‘काय छान वाटलं, मामा?’ भाच्याने विचारले.

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. ‘सगळंच,’ असे म्हणून आम्ही चकली उचलली.

रात्री बहिणीने सांगितले की, अभियांत्रिकी सोडून संगीतरचनेच्या शिक्षणासाठी अर्ज करावयाचे त्याच्या मनात आहे, अर्जासोबत तो हीच रचना पाठविणार आहे, आणि ‘मामांना आवडली’ एवढ्यावरून त्याचा निश्चय पुष्कळच पक्का झाला आहे. मसुदा वाचल्यावाचून सही करू नये, हे आम्ही अशिलांना वीस वर्षे सांगत आलो. येथे आम्ही स्वतःच न वाचता सही करून बसलो होतो, आणि त्या सहीच्या आधाराने एक मुलगा आपल्या आयुष्याचा मोठा व्यवहार करू पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ धून आणि त्याची रचना अशी दोन्ही त्याच्याकडून मागून घेतली, कानांस हेडफोन लावले आणि माडीवर जाऊन बसलो.

‘खेळातले संगीत ते, त्याची एवढी परीक्षा कशाला?’ असे ज्यांस वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. आमच्या लहानपणी, १९९० नंतरच्या काही वर्षांत, शेजाऱ्यांच्या टीव्हीला यंत्र जोडून आम्हीही मारिओचा खेळ खेळलो आहो. ती टणत्कार करणारी चाल दिवसभर तोंडात घोळत असे. पण तिचा कोणी रचनाकार असेल, ही कल्पना आम्हांस कधी शिवली नाही. यंत्राचा पंखा जसा वाजतो तशी ती वाजते, अशीच आमची समजूत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या खेळातील तीच चाल २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घातली. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिक उद्घाटनात निरनिराळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले ते व्हिडिओ गेमच्या संगीतावर. २०२२ साली वाद्यसंयोजनासाठी दिले जाणारे एक ग्रॅमी पारितोषिक अशाच एका खेळातील धुनेच्या नव्या मांडणीला मिळाले. तेव्हा पोरखेळ म्हणून हा दावा आता फेटाळून लावता येणार नाही.

मारिओच्या चालीचे कर्ते कोजी कोंडो. १९६१ साली जन्मलेल्या याच गृहस्थांनी १९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाला संगीत दिले, आणि भाच्याने घेतली ती धून तेथली. खेळ पुरा केल्यावर शेवटी जी नामावळी येते तीत संगीतकार म्हणून ‘कोन्चान’ असे लाडिक टोपणनाव तेवढे आहे. श्रेयाचा प्रश्न पुढे येणारच आहे, म्हणून हे आताच नमूद करून ठेवतो.

त्या काळचे यंत्र फार गरीब होते. एका वेळी त्यातून पाचच आवाज निघत: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरींचा, एक नुसत्या खरखरीचा, ज्यावर तालाचे काम भागवावयाचे, आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचे बारके तुकडे वाजविण्याचा. त्रिकोणी लहरीचा आवाज बहुधा खर्जाला लावीत. त्याची गंमत अशी की तो कमी-अधिक करता येत नाही. वाजेल तर पुरा वाजेल, नाही तर मुळीच नाही. शिवाय खेळणाऱ्याने तलवार चालविली, उडी मारली, की त्या आवाजासाठी पाचांतला एखादा सूर क्षणभर हिरावून घेतला जाई. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे धुनेला शेवट नसावा. कारण खेळणारा त्या रानात दोन मिनिटे हिंडेल की दोन तास, हे रचनाकाराला कसे ठाऊक असावे? अशा अटींत कोंडो यांनी काय केले, ते आम्ही त्या सकाळी प्रथमच ऐकले.

धून षड्जावर उभी राहते, एकदम खाली मंद्र पंचमावर येते, पुन्हा षड्ज गाठते आणि तेथून पायरीपायरीने मध्य पंचमापर्यंत चढते. पुढच्या पावलाला ती कोमल धैवत आणि कोमल निषाद घेऊन तार षड्जास जाते. पहिल्या दोन वाक्यांतले स्वर एकत्र मांडले तर आपल्या चारुकेशीचे स्वर होतात; अर्थात धुनेला त्याचा पत्ता नाही, आणि पुढे ती त्या स्वरांत राहतही नाही. पण खरे मर्म याच्या खाली आहे. वरची धून जेव्हा एकेक पायरी चढत असते, तेव्हा तळाचा खर्ज षड्जावरून कोमल निषादावर, तेथून कोमल धैवतावर असा एकेक पायरी उतरत असतो. वीर डोंगर चढतो आहे आणि त्याच्या पायांखालची जमीन खचत चालली आहे, असा काहीसा तो भाव. आणि त्या खर्जाचा आवाज कमी करण्याची सोयच यंत्रात नसल्यामुळे तो धुनेच्या बरोबरीने, तिच्या खांद्याला खांदा लावून वाजतो. यंत्राच्या गरिबीने त्या चालीला जे दिले ते हे.

आता भाच्याची रचना. प्रारंभी स्नेअर ड्रमचा एक अखंड ठेका आहे, आणि तो ऐकताच आम्ही सावरून बसलो. यामागे एक हकीकत आहे. झेल्डाच्या आरंभीच्या दृश्यासाठी कोंडो यांनी मूळचे रॅव्हेलचे ‘बोलेरो’ योजले होते. १९२८ सालच्या त्या कृतीत ड्रमच्या एकाच ठेक्यावर तीच ती धून वाद्ये बदलत बदलत वाढत जाते. खेळ जवळजवळ तयार झाल्यावर लक्षात आले की ‘बोलेरो’वरचा हक्क अद्याप संपलेला नाही. रॅव्हेल वारले १९३७ च्या डिसेंबरात. जपानच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिके. खेळ निघाला फेब्रुवारी १९८६ मध्ये.  मग कोंडो यांनी घाईघाईने आपलीच धून संथ करून तेथे बसविली. एका मुदतीच्या कलमामुळे एखादी चाल जगप्रसिद्ध व्हावी, याचे वकिलाला कौतुक वाटल्यावाचून कसे राहील? फ्रान्समध्ये ‘बोलेरो’ मोकळे झाले ते २०१६ साली. त्यानंतरही, ही कृती रॅव्हेल यांची एकट्याची नव्हे, असा वाद घालून हक्क लांबविण्याचा प्रयत्न झाला, आणि २०२४ साली तेथील न्यायालयाने तो नामंजूर केला. भाच्याला ही सारी हकीकत ठाऊक होती. अखेरच्या घटकेला घराबाहेर राहिलेल्या पाहुण्याला त्याने ड्रमच्या रूपाने आत आणून बसविले होते. हे खरोखर छान होते. आदल्या रात्री आम्हांस हेच सांगता आले असते.

मधल्या एका भागात त्याने सारा मेळ थांबवून धून फक्त क्लॅरिनेट, बसून आणि एक चेलो अशा तिघांकडे दिली आहे. तेथे तो उतरता खर्ज चेलोवर स्पष्ट ऐकू येतो, आणि अंगावर काटा येतो. पण हा भाग अर्ध्या मिनिटाचा. बाकी ठिकाणी धुनेवर हॉर्न, हॉर्नवर ट्रम्पेट, त्यावर व्हायोलिनचा जथा, वर हार्पच्या लहरी आणि दर चार मात्रांना झांजांचा गजर. खर्ज डबल बासवर आहे, पण तो कागदावरच. त्या गर्दीत त्याचा मागमूस लागत नाही. वीर डोंगर चढतो, पण जमीन खचतच नाही. शेवटी सर्व वाद्ये मिळून एक प्रचंड स्वर धरतात, त्यावर टिंपनीचा गडगडाट, आणि समाप्ती. जी चाल संपूच नये म्हणून जन्मली तिला त्याने विजयोत्सव करून निरोप दिला होता. आपल्याला आवडलेल्या वस्तूवर जे जे आहे ते सगळे वाहून टाकावे, अशी त्याची रीत. ऐकता ऐकता मनात आले, आम्ही तरी त्याच्या बाबतीत काय वेगळे केले? आमचे ‘फारच छान’ हे त्याच्या झांजांचेच भावंड. दोन्हींत प्रेम खोटे नव्हते. दोन्हींत ऐकणे राहून गेले होते.

यावर एक पक्ष म्हणेल की मूळ कृतीला हात लावलाच का? पाच आवाजांची चाल पाच आवाजांतच राहू द्यावी. हा पक्ष आम्हांस मान्य नाही. मुसोर्गस्कीने १८७४ साली केवळ पियानोसाठी रचलेली चित्रप्रदर्शनावरील माला रॅव्हेल यांनीच १९२२ साली वाद्यवृंदात मांडली, आणि आज जग ती बहुधा त्याच रूपात ओळखते. दुसऱ्याची चाल घेणे यात कमीपणा आहे असे मराठी मनुष्याने तर म्हणूच नये. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द छापून कोणत्या मूळ चिजेवरून ते बांधले हे सांगण्याचा प्रघात होता. त्या एका शब्दात ऋण कबूल होई आणि ऐकणाऱ्याला तुलनेचे आमंत्रणही मिळे. मूळ काय होते हे आम्ही लपवीत नाही, आम्ही त्याचे काय केले ते पाहा, असे ते म्हणणे. मूळ कृतीचे नाव सांगणाऱ्याने परीक्षेला आधीच मान्यता दिलेली असते.

कायदा येथे फार दूरवर साथ देत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची पुनर्मांडणी ही रूपांतरात मोडते आणि तो अधिकार मूळ मालकाचा असतो. खाजगी वापरास सवलत आहे. भाच्याने माडीवर बसून केले ते त्यात बसेल, जगापुढे ठेवले तर प्रश्न निराळा. याच कायद्याचे कलम ५७ आम्हांस विशेष आवडते. मालकी विकून टाकल्यावरही कर्त्याजवळ दोन गोष्टी उरतात, कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशा विद्रूपीकरणाला आडवे येण्याचा हक्क. कायद्याने एवढे तरी ओळखले आहे की कृतीशी कर्त्याचे नाते खरेदीखताने तुटत नाही. परंतु परवानगी घेऊन केलेली वाईट रचना कायद्याला चालते आणि परवानगीवाचून केलेली उत्तम रचना चालत नाही. ‘याने ऐकले का?’ हा प्रश्न कोणत्याही कलमात नाही.

श्रेयाची गोष्ट निघाली आहे तर गोव्यात बसून एक नाव घेतल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. हिंदी चित्रपटांच्या संगीताला वाद्यवृंदाचा भरजरी पोशाख चढविला तो मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय वादकांनी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले अग्रणी. सेबॅस्टियन डिसोझा हे दुसरे. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनचा ताफा कोठे उठावा, बासरी कोठे एकटी राहावी, हे कागदावर उतरविणारा हात यांचा. पडद्यावर त्यांची नावे आली तर सहाय्यक म्हणून, कित्येकदा तीही नाहीत. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या आपल्या वाद्यवृंदरचना स्वतःच्या नावाने सादर केल्या. सर्वसामान्य माणसाच्या कानी त्यांचे नाव पडले ते मात्र १९७७ सालच्या एका चित्रपटातील गमतीच्या गाण्यामुळे, तेही त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून. तेथे संयोजकाचे नाव बुडाले. भाच्यासारख्या हौशी चाहत्यांच्या जगात कधीकधी उलट होते, संयोजकाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मूळ कर्त्याचे कोठेच नाही. दोन्हींत अन्याय एकाच जातीचा. भाच्याच्या रचनेत कोंडो यांचे नाव नुसते शेवटी, बारीक अक्षरांत होते.

राहिला तो सौजन्याचा मुद्दा. मोबदला न घेता केलेल्या कामाला काही सवलत द्यावयाची की नाही? द्यावी, पण कोणती, हे पाहिले पाहिजे. साठ माणसांचा वाद्यवृंद भाड्याने घेण्याची त्याची ऐपत नाही. संगणकातील व्हायोलिन कोठे कोठे यांत्रिक वाजते. या दोषांचा भार त्याच्यावर टाकणे निर्दयपणाचे. तेथे संशयाचा फायदा आरोपीला. परंतु झांजा दर चार मात्रांना वाजवाव्यात हा निर्णय गरिबीचा नव्हे, तो त्याचा स्वतःचा निर्णय आहे. तेथे सवलत देणे म्हणजे निर्णय घेणारा कोणी नव्हताच असे धरून चालणे. लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्या तर आपण कौतुक करतो, ते ज्या अर्थाने, त्याच अर्थाने वीस वर्षांच्या माणसाच्या सात महिन्यांच्या कामाचे कौतुक करणे हा आम्हांस आता अपमान वाटतो. त्याला कामाबद्दल विचारावयाचे होते. आम्ही उत्तर दिले ते त्याच्याबद्दलच्या मायेचे.

हे लिहिणे सोपे आहे. त्याला सांगणे सोपे नव्हते. दुपारी त्याला माडीवर बोलाविले आणि प्रथम कबूल केले की काल आम्ही ऐकलेच नव्हते. तो हसला. ‘ते कळलं होतं मला,’ म्हणाला, ‘पण आईला सांगायला बरं पडलं.’ मग आम्ही ड्रमबद्दल सांगितले, तिघा वाद्यांच्या भागाबद्दल सांगितले, आणि नंतर खर्जाबद्दल. खर्जाचे ऐकून तो गप्प झाला. मूळ धून त्याने पुन्हा लावली, डोळे मिटून तीनदा ऐकली आणि खाली निघून गेला. संध्याकाळी जेवणाच्या पानावर तो आमच्याशी फारसे बोलला नाही. बहिणीने आमच्याकडे जे पाहिले ते येथे लिहीत नाही. अर्जाचे काय करावे, हे त्याने आम्हांस विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. तो आमच्या अधिकाराचा विषय नव्हे.

सहा आठवड्यांनी त्याने दुसरा खर्डा पाठविला. सोबत दोन ओळी होत्या: अर्ज याच्यासह जाणार आहे, आणि शेवट बदललेला नाही, कारण सभागृहात बसलेल्या माणसांना कधीतरी घरी जायचे असते. हा युक्तिवाद आम्हांस खोडून काढता आला नाही. पहिल्याच ओळीत ‘चाल: कोजी कोंडो’ असे लिहिले आहे. खर्ज आता चेलो आणि बसून मिळून चालवितात, वरच्या हॉर्नच्या बरोबरीने, आणि जमीन खचताना ऐकू येते. या वेळी आम्ही दोन दिवस काढले आणि त्याला दीड पानाचे पत्र लिहिले. झांजा अजून एका ठिकाणी जास्त आहेत, असे त्यात कळविले आहे.